किल्ल्या कोणाच्या कमरेला?

कल्पित संस्कृतीसाठी धर्म रचायला बसलेला माणूस पहिल्या दिवशी देवांची यादी करतो. अग्नीचा एक, समुद्राचा एक, मृत्यूची एक देवी, आणि एखादा खोडकर देव, कारण त्याच्याशिवाय यादी पुरी झाल्यासारखी वाटत नाही. दुसऱ्या दिवशी तो सृष्टीची उत्पत्ती लिहून काढतो. तिसऱ्या दिवशी देवळाचं चित्र: उंच घुमट, शेकडो पायऱ्या, आत धगधगतं कुंड. मग कथा सुरू होते, नायक त्या पायऱ्या चढून आत जातो, आणि आत कोणीच नसतं. म्हणजे झगा घातलेला एक पुजारी असतो, पण तो नायकाला भविष्य सांगण्यापुरता. कुंडात लाकडं कोण टाकतं, राख कुठे नेतात, पायऱ्या कोण झाडतं, पुजाऱ्याचं पोट कशावर चालतं, यांतलं काहीच लेखकाला ठाऊक नसतं. मग वाचकालाही त्या देवळात दोन घटका टेकावंसं वाटत नाही.

हे पुस्तक त्या राखेविषयी आणि त्या पायऱ्या झाडणाऱ्यांविषयी आहे. अद्भुतकथा लिहिणारे, चित्रकथा काढणारे आणि पटावरचे किंवा संगणकावरचे खेळ रचणारे बरेच तरुण आता मराठीत काम करू लागले आहेत. ते मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिलं आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: रचलेल्या धर्मातले देव खरे आहेत की खोटे, हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा. देवळाच्या किल्ल्या कोणाकडे असतात ते आधी ठरवावं. ते ठरलं की देवांचं बरंचसं आपोआप ठरत जातं.

लॉर्ड डन्सेनी या आयरिश सरदाराने १९०५ साली ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ हे छोटंसं पुस्तक पदरचे पैसे घालून छापून घेतलं. अख्खं दैवतमंडळ एकट्याने रचण्याचा आधुनिक काळातला हा पहिल्या ठळक प्रयत्नांपैकी एक. त्यातला मुख्य देव इतर देवांना निर्माण करून झोपी गेला आहे आणि त्याची झोप मोडू नये म्हणून एक जण अखंड ढोल वाजवत बसला आहे. ढोल थांबला की देव जागा होणार आणि सगळं जग संपणार. कल्पना देखणी आहे. पण त्या ढोलवाल्याला जेवण कोण नेऊन देतं, असा प्रश्न डन्सेनीला पडला नाही. त्याच्या पुस्तकाला त्याची गरजही नव्हती, कारण ते जवळजवळ गद्यकाव्यच आहे. कथा सांगायची, तिच्यात माणसं वावरवायची म्हटलं की मात्र हा प्रश्न टळत नाही.

तो न टाळणाऱ्या लेखिकेचं उदाहरण म्हणजे उर्सुला ले ग्विन यांची ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ ही १९७१ सालची कादंबरी. ‘अर्थसी’ मालिकेतलं हे दुसरं पुस्तक, आकाराने लहान, एका सुटीच्या दिवसात वाचून होईल एवढं. कल्पित देवळाचं याहून नेटकं बांधकाम माझ्या वाचनात दुसरं नाही, म्हणून इथे त्याला जरा ऐसपैस जागा देतो.

वाळवंटात एक आवार आहे. तिथे नऊ काळे दगड उभे आहेत. ते कोणी उभे केले हे कोणाला माहीत नाही. दगडांखाली ‘निनावी’ शक्तींचा वास. त्यांची पुजारीण एकच, आणि ती कधी मरत नाही: जुनी पुजारीण ज्या रात्री जाते त्या रात्री जन्मलेली मुलगी शोधून आणायची, म्हणजे तीच पुन्हा आली. ही मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की तिला वेदीपुढे गुडघ्यांवर बसवतात. पांढऱ्या वेशातला मुखवटेधारी तिच्या मानेवर तलवार उगारतो आणि काळ्या वेशातली एक आकृती पुढे होऊन त्याचा हात अडवते. तिथे तिचं तेनार हे नाव संपतं. यापुढे ती ‘अर्हा’, गिळली गेलेली.

इतकं झाल्यावर दुसरा एखादा लेखक लगेच चमत्कारांकडे वळला असता. ले ग्विन कोठीघराकडे वळतात. आवारातल्या मुली काय खातात ते आपल्याला कळतं: मसूर, कुट्टूच्या पिठाची लापशी नाहीतर भाकरी, कांदे, कोबी, बकरीच्या दुधाचं चीज, सफरचंदं, मध. मुली लोकर कातून विणतात, शेतात राबतात, स्तोत्रं घोकतात. वर्षानुवर्षं तेच. त्या आवारातली सर्वांत प्रबळ शक्ती कंटाळा हीच आहे, आणि हे लिहायला धैर्य लागतं. पेंथे नावाची एक गुबगुबीत मुलगी अर्हाला सांगते की हे सगळं सोडून एखाद्या डुकरं राखणाऱ्याशी लग्न केलं असतं तरी परवडलं असतं. दूरच्या राजधानीत बसलेल्या ‘देवराजा’बद्दलही तिची मतं आहेत, त्यालाही पायाची नखं कापावी लागत असतीलच की, असं ती बोलून जाते. अर्हा हादरते. पेंथेसारखी व्यक्ती कथेत आली की धर्माला दोन बाजू येतात. एकाला जे भयंकर पवित्र वाटतं ते दुसऱ्याला रोजचं वाटतं आणि तिसऱ्याला थोडं हास्यास्पद. ज्या कल्पित धर्मात सगळे सारख्याच भक्तीने डोळे मिटतात, तिथे लेखकाने अजून माणसं वसवलेलीच नसतात.

आवारात देवळं तीन आहेत. सर्वांत जुना सिंहासनाचा मंडप, त्यातलं सिंहासन रिकामं. मग देवबंधूंचं देऊळ. आणि सर्वांत नवं देवराजाचं. कार्ग लोकांच्या चार बेटांवर पूर्वी लहान लहान राज्यं होती. मग एका घराण्याने सगळी गिळली आणि आपल्या राजाला देव म्हणवून घेतलं. हा राजकीय इतिहास ले ग्विन फार थोड्या ओळींत सांगतात, कारण तो इमारतींवरूनच वाचता येतो. नव्या देवळाला पैसा येतो, जुन्या मंडपाचं छत फुटलेलं. अर्हा ही सर्वांत श्रेष्ठ पुजारीण, असं सगळे म्हणतात. पण धान्य, सेवक, रखवालदार हे सगळं देवराजाच्या पुजारिणीच्या, कोसिलच्या हातात. अर्हाच्या कमरेला किल्ल्या आहेत. त्या ज्या दारांच्या आहेत तिथे कोणालाच जायचं नसतं.

दगडांखाली भुयार आहे, आणि तिथे उजेड न्यायला सक्त मनाई. त्यापलीकडे भुलभुलैया. कार्ग लोक लेखनाला वाईट जादू मानतात, तेव्हा नकाशा नाही. कुठे किती वळणं सोडायची, कोणत्या हाताला वळायचं, हे तोंडी शिकून पाठ करायचं आणि काळोखात भिंतीवरून बोटं फिरवत मोजत जायचं. इथे धर्माचा एक नियम, भाषेविषयीचा एक समज आणि वास्तूची रचना एकमेकांत अशी गुंतली आहेत की एक काढलं तर दुसरं कोसळेल. देवळाचा आराखडा आणि देवळाचा धर्म वेगवेगळ्या कागदांवर लिहिणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

कादंबरीचा कणा असलेले दोन प्रसंग याच काळोखातले आहेत. पहिल्यात अर्हा भुयारात येते आणि तिला उजेड दिसतो. कोणी परका मांत्रिक काठीच्या टोकाशी प्रकाश धरून उभा आहे, आणि त्या प्रकाशात सगळं भुयार स्फटिकांनी लखलखतंय. ती वर्षानुवर्षं जिथे चाचपडत आली ती जागा इतकी सुंदर आहे हे तिला, तिथल्या मालकिणीला, आज कळतं. दुसऱ्या प्रसंगात तिथे कोसिल आहे. साधा कंदील घेऊन, एक थडगं उकरून आपला संशय खरा की खोटा हे पाहायला आलेली. मांत्रिकाचा उजेड हा बाहेरच्याने केलेला भंग. कोसिलचा उजेड आतल्या माणसाचा, आणि तोच जास्त भयानक. तिचा कशावरच विश्वास नाही, सत्तेशिवाय. त्या भुयारातल्या शक्ती खऱ्या आहेत, फक्त त्या पूजेच्या लायकीच्या नाहीत, असं तो मांत्रिक म्हणजे गेड पुढे सांगतो. तोवर आपल्याला त्या उत्तराची फारशी गरजही उरलेली नसते.

ले ग्विनबाईंना हे कुठून आलं, याचा एक धागा त्यांच्या घरात सापडतो. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले मोठे मानवशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांवरचा त्यांचा जाडजूड संदर्भग्रंथ १९२५ साली आला. आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, ‘याही’ नावाच्या जमातीतला शेवटचा माणूस मानल्या गेलेल्या इशीचं चरित्र लिहिलं. टोपल्या कशा विणतात, नाच कोणत्या महिन्यात होतो, मेलेल्याचं नाव घ्यायचं की नाही, असल्या तपशिलांना मान असलेलं हे घर. त्याचं पूर्ण फळ १९८५ सालच्या ‘ऑल्वेज कमिंग होम’मध्ये दिसतं. दूरच्या भविष्यातल्या कॅलिफोर्नियातले केश लोक हा त्याचा विषय. त्यात गोष्टी आहेत तशा पाककृती आहेत, नकाशे आहेत, नाटकं आहेत. पहिल्या आवृत्तीबरोबर टॉड बार्टन यांनी रचलेल्या गाण्यांची कॅसेटही मिळत असे. केश लोकांच्या गावाची आखणी दोन बाहूंची: एका बाजूला राहती घरं, दुसऱ्या बाजूला पाच पवित्र वास्तू, मध्ये बिजागरीची मोकळी जागा. या पवित्र वास्तू जमिनीत खोल बांधलेल्या, वर पिरॅमिडसारखं छत, आत उतरायला शिडी. म्हणजे देवाकडे जायचं ते खाली उतरून. उंच घुमट काढणाऱ्याला हे सुचणार नाही, कारण त्याने ‘पवित्र म्हणजे उंच’ हे न तपासताच धरलेलं असतं.

उंचीचा विषय निघालाच आहे तर टोल्किन. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये देऊळ नाही, पुरोहित नाही. टोल्किन सश्रद्ध कॅथलिक होते आणि धर्माचे उघड उल्लेख आपण जाणूनबुजून काढले, असं त्यांनी एका पाद्री मित्राला १९५३ साली पत्रात कळवलं होतं. उरला तो एक क्षण: फारामिर आणि त्याचे सैनिक जेवायला बसण्याआधी पश्चिमेकडे तोंड करून गप्प उभे राहतात. पण ‘द सिल्मरिलियन’मधल्या नूमेनोर बेटाच्या कथेत टोल्किन यांनी दोन पवित्र जागा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक, बेटाच्या मधोमध असलेल्या मेनेल्तार्मा पर्वताचं उघडं शिखर. तिथे छप्पर नाही, मूर्ती नाही. वर्षातून तीनदा राजा प्रार्थना म्हणतो आणि एरवी तिथे कोणी शब्द काढत नाही. दुसरी, साउरॉनने बांधवलेलं देऊळ, आणि त्याची मापं मात्र टोल्किन अगदी मोजून देतात: पायाशी पाचशे फूट व्यासाचं वर्तुळ, पन्नास फूट जाडीच्या भिंती, पाचशे फूट उंची, वर चांदीने मढवलेला घुमट. बळींच्या होमाचा धूर इतका की ती चांदी काळी पडते. माप फक्त वाईट देवळाला. ही निवड सहज झालेली नाही, त्यात एक संपूर्ण धर्मविचार आहे. माझं मत मात्र असं की टोल्किनची वाट टोल्किनसाठीच ठीक. त्यांच्या पाठीशी चर्चची वीस शतकं होती, म्हणून न बोलताही सगळं सूचित होत राहिलं. नवखा लेखक देऊळ गाळतो तेव्हा त्या जागी नुसती पोकळी राहते.

मराठी लेखकाच्या पाठीशी काय आहे? भरपूर आहे, आणि ते ऐकीव नाही. पंढरपूरचंच घ्या. विठ्ठल मंदिरात बडव्यांखेरीज सेवाधाऱ्यांची सात घराणी पूर्वापार होती आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पुजारी पूजा करणार, बेणारी मंत्र म्हणणार, परिचारक पाणी आणणार, हरिदास पदं गाणार, डिंगरे देवाला आरसा दाखवणार, दिवटे मशाल धरणार, डांगे चोपदारी करणार. रुक्मिणीकडे उत्पात. आरसा दाखवणं हे एका घराण्याचं पिढीजात काम असू शकतं आणि त्या कामाच्या हक्कावरून कोर्टकचेऱ्या होऊ शकतात, हे कल्पनेने रचायला गेलं तर कोणाला सुचेल? १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, आणि बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तो २०१४च्या जानेवारीत. चाळीस वर्षं! कल्पित देवळाच्या इतिहासात असा एखादा खटला घालून बघा. दैवी युद्धापेक्षा तो जास्त काम करतो.

आणि प्रक्षाळपूजा. आषाढी वारीच्या दिवसांत विठोबाला झोप नाही. शेजघरातला पलंग काढून ठेवतात, देव अहोरात्र उभा राहून दर्शन देतो, म्हणून पाठीला टेकायला लोड ठेवतात. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजेला देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, पायांना लिंबू-साखर चोळायची, आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढा द्यायचा. देव थकतो हे इथे कोणी तत्त्वज्ञान म्हणून मांडलेलं नाही. ते लोडातून, लिंबातून आणि काढ्यातून सांगितलं आहे. या पुस्तकात ‘आधी कृती, मग कथा’ हा जो क्रम वारंवार येईल, त्यामागे असल्या गोष्टी आहेत. कृती ठरवा: देवाला दर सातव्या दिवशी काढा देतात. मग तुमच्या लोकांना विचारा की का. तीन माणसं तीन कारणं सांगतील, आणि त्या तीन कारणांत तुमची पुराणं, तुमचे पंथ आणि तुमची भांडणं सापडतील.

वास्तू आणि पंचांग यांचं नातं समजायला कोल्हापूरला जावं. महालक्ष्मीच्या किरणोत्सवात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात: पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. अलीकडे काही वर्षी वाटेतल्या बांधकामांमुळे किंवा हवेतल्या धूळ-बाष्पामुळे किरण अर्ध्यातच अडखळले, तर वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते. अद्भुतकथेतलं सूर्यमंदिर नेहमी ठरल्या मुहूर्ताला अचूक उजळतं. न उजळण्याची बातमी व्हावी, समोरच्या माडीवाल्याशी वाद व्हावा, हे तिथे घडत नाही. घडू द्या.

तुमची कथा आपल्या मुलुखातली असावी असा आग्रह यामागे नाही. लोइस मक्मास्टर बुजोल्ड यांनी ‘द कर्स ऑफ शॅलियन’ (२००१) मध्ययुगीन स्पेनच्या घडणीवर बेतली आणि तरी धर्म रचला तो स्वतःचा. देव पाच: पिता, माता, पुत्र, कन्या आणि अनौरस. पहिल्या चौघांना एकेक ऋतू. पाचव्याच्या वाट्याला जे अवेळी येतं ते सगळं, म्हणजे अनाथ, आपत्ती, कुठेच न बसणारी माणसं. हाताची पाच बोटं म्हणजे पाच देव, आणि अनौरस म्हणजे अंगठा. देवळाचा आराखडाही तसाच: मधल्या चौकात अग्नी, भोवती चार घुमटांची चार दालनं, आणि मातेच्या दालनामागे पाचव्याचा वेगळा मनोरा. शेजारच्या राज्यातले लोक पाचव्याला देव मानतच नाहीत, त्याला राक्षस ठरवतात. तिथल्या देवळाला तो मनोरा नसणार हे वाचक स्वतःच ताडतो. पाखंड, युद्ध, शरणार्थी, सगळं एका अंगठ्यातून निघतं.

त्यातला अंत्यविधी तर मुद्दाम अभ्यासावा. प्रेताभोवती देवळाचे सेवक पाचही देवांचे प्राणी-पक्षी घेऊन उभे राहतात, आणि मृताचा आत्मा ज्या देवाने स्वीकारला त्याचा प्राणी खूण करतो. नातेवाइकांचं दुःख, देवळाची दक्षिणा, प्राणी सांभाळणाऱ्यांचा घाम, आणि निकालाची धाकधूक एकाच चौकात. मुख्य म्हणजे हा विधी फसू शकतो. कादंबरीतल्या दोंदो नावाच्या दुष्ट सरदाराच्या वेळी एकही प्राणी पुढे येत नाही, आणि सगळा दरबार चरकतो. जो विधी कधी फसत नाही तो कथेत शोभेचा. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पैशाबद्दल थोडंच लिहितो, कारण पुस्तकात त्यावर मोठं प्रकरण आहे. फ्रिट्झ लायबर यांच्या ‘लीन टाइम्स इन लांखमार’ या १९५९ सालच्या कथेत देवांचा एक रस्ता आहे. नवा पंथ शहरात आला की दलदलीकडच्या वेशीजवळ उघड्यावर बसतो. भक्त वाढले तसा रस्त्याने वर किल्ल्याकडे सरकतो, घटले की पुन्हा खाली. या पुजाऱ्यांकडून हप्ते वसूल करणारी टोळी आहे आणि कथेच्या दोन नायकांपैकी एक त्या टोळीत, तर दुसरा एका फाटक्या देवाचा नवा चेला. कथा विनोदी आहे, पण धर्माचं अर्थशास्त्र तिच्याइतकं चोख मांडणारी गंभीर पुस्तकंही थोडी आहेत.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’मध्ये (१९६५) हेच अर्थशास्त्र पाण्याचं आहे. वाळवंटी ग्रहावरच्या फ्रेमेन लोकांत मेलेल्याच्या देहातलं पाणी टोळीचं, आणि पाहुण्यासमोर थुंकणं हा सन्मान, कारण आपल्या अंगातला ओलावा आपण त्याला दिला. तिथे कशाची टंचाई आहे हे एकदा ठरलं की काय पवित्र आहे हे शोधायला लांब जावं लागत नाही.

आता उसनवारीविषयी. जिवंत धर्मातून उचलताना काय होऊ शकतं, याचं आपल्याला चांगलंच ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ (१९८४). राजवाड्याखाली कालीचं देऊळ, अमरीश पुरी माणसाचं काळीज हाताने उपटून काढतात, भक्तगण डोलतात. पटकथा पाहून भारत सरकारने चित्रीकरणाची परवानगी नाकारली आणि मंडळी श्रीलंकेला गेली. चित्रपटावर लोक रागावले ते देवीच्या अपमानाने. माझी तक्रार वेगळी आहे. त्या देवळात रचना म्हणून काहीच नाही. इतके शेकडो भक्त काय खातात, कुठून येतात, देवीकडे काय मागतात, कोणालाच पत्ता नाही. नाव उसनं घेतलं, भीती उसनी घेतली, आणि ज्याच्यामुळे ते नाव लोकांच्या तोंडी राहिलं तो सगळा व्यवहार टाकून दिला.

याच्या उलट ‘तुंबाड’ (२०१८). हस्तर हा देव कुठल्याही पुराणात नाही. नारायण धारपांच्या एका कथेतून बीज मिळाल्याचं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे. पण हस्तरला पटण्याजोगं केलं ते कणकेने. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो भुकेला. मग आत उतरणाऱ्याने कणकेची बाहुली न्यायची, पिठाचं रिंगण आखायचं, आणि बाहुलीवर तो तुटून पडला की त्याच्या कमरेच्या नाण्यांना हात घालायचा. त्याची पूजा करायची नाही, असा शाप. तरी एका घराण्याने त्याचं देऊळ बांधलं आणि तेव्हापासून गावात पाऊस थांबत नाही. कोकणातला पाऊस, कोकणातलं पीठ, कोकणातली हाव. देव तेवढा नवा. प्रेक्षकाला तो जुनाच वाटतो, कारण त्याच्याशी वागण्याच्या रीती जुन्या हातांच्या सवयीच्या आहेत. साहित्यात याआधी जी. ए. कुलकर्णींनी ‘रमलखुणा’मधल्या दीर्घकथांत नकाशावर नसलेला मुलूख उभा केला होता, त्या वाटेने पुढे फार कोणी गेलं नाही, याचं वाईट वाटतं.

खेळ रचणाऱ्यांसाठी एक नाव सांगून ठेवतो: ग्रेग स्टॅफर्ड. त्यांच्या ग्लोरांथा या जगासाठी १९७९ साली ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ हे पुस्तक निघालं. प्रत्येक पंथात कोणाला प्रवेश मिळतो, सामान्य भक्ताने काय द्यायचं, दीक्षा घेतलेल्याने काय, सण कोणते, शेजारच्या पंथाशी वैर का, हे त्यात एका साच्यात दिलं आहे. खेळाडूला देव निवडताना केवळ शक्ती मिळत नाही, बांधिलकीही येते. त्या काळच्या बऱ्याच खेळांत पुजारी म्हणजे जखमा भरून देणारा सोबती एवढाच अर्थ होता. आजही पुष्कळ खेळांत तेवढाच आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिलं प्रकरण उत्पन्नाचं आहे: जमीन, दान, नवस, प्रसादाची वाटणी. दुसरं रोजच्या कामांचं, तिसरं मनाईंचं. कोणाला कुठवर येऊ देतात आणि ती रेषा कोण पुसू पाहतो. चौथ्यात पंचांग, पाचव्यात बांधकाम. सहाव्यात अश्रद्ध, भोंदू आणि थकलेले पुजारी. दैवतांच्या कथा सातव्या प्रकरणात येतात आणि तोवर त्यांतल्या बऱ्याच तुमच्या हाती लागलेल्या असतील. प्रत्येक प्रकरणाअखेरीस रिकामे रकाने असलेली कोष्टकं आहेत. ती सगळी भरायलाच हवीत असं नाही. कथेला लागतील तेवढी भरा आणि उरलेली वाचकाला दिसू देऊ नका.

एकच विनंती आहे. कोष्टकं भरण्याआधी जवळच्या एखाद्या देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये किंवा विहारात गर्दी नसताना जाऊन या. निर्माल्य कुठे जातं, तेल कोण भरतं, उत्सवाचा हिशेब कोण लिहितं, मागच्या वेळी भांडण कशावरून झालं, हे तिथे राबणाऱ्या माणसांना विचारा. त्यांचा देव तुमच्या कथेत उचलून आणू नका. त्यांच्या कामाची वाटणी तेवढी वहीत लिहून घ्या. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. देवळात तेव्हा देव विश्रांती घेत असतो आणि माणसं बोलायला मोकळी असतात.